जिभेसाठी निवडलेलं ऑपरेशन

फोन येतात. शिरूरमधून येतात, दौंडकडून येतात, कुणाच्या तरी मेव्हण्याकडून माझा नंबर मिळालेला असतो. आधी पाऊसपाणी, पोराबाळांचं होतं, मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो. वजनाच्या ऑपरेशनात ते पोट कापून बारीक करायचं चांगलं, का आतडं जोडायचं? आण्णा, तुम्ही कुठलं केलं?

मी दोन्ही केली. पहिलं मी निवडलं आणि दुसरं त्या निवडीपायी करावं लागलं. मी डॉक्टर नाही, लग्नाकार्यातला आचारी आहे. या भागातल्या कित्येक मांडवांत माझ्या हातच्या आमटीवर पंगती उठल्या आहेत. फार बोललं की आता घसा दुखतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. वाचून कुणाला भीती वाटली तर वाटू द्या. भीती मलाही वाटली होती, पण ती भलत्याच गोष्टीची वाटली आणि तिथंच सगळं बिघडलं.

निखारा

केडगावला लग्न होतं. जमिनीत चर खणून त्यावर आमटीची पातेली चढवली होती. चुलीजवळ चप्पल घालायची नाही, हा आमच्या घरचा नियम. वडिलांपासून कवठ्याच्या देवीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक आमच्याकडे आहे, त्यामुळे हा नियम आमच्या अंगातच मुरलेला. देवीचा स्वयंपाक असो नाहीतर लग्नाचा, अन्न शिजतं तिथं आम्ही अनवाणी.

मी आमटी ढवळत होतो आणि मला करपल्याचा वास आला. नाकाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मी ओरडलो की भात लागतोय, जाळ कमी करा. पोरं धावली, भात ठीक होता. मी म्हटलं मग बुंदीचं तेल जळतंय. तेही ठीक होतं. माझा जोडीदार रफीक पलीकडं मटणाच्या पातेल्यावर होता. आम्ही वीसेक वर्षं बरोबर काम करतोय, शाकाहारी बाजू माझी, मटण-बिर्याणी त्याची. तो माझ्याकडं बघत आला, खाली वाकला आणि माझा घोटा धरून पाय उचलला.

"आण्णा," तो म्हणाला, "तुमचा पाय जळतोय."

टाचेखाली निखारा चिकटला होता. मी त्यावर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मला काहीच कळलं नव्हतं.

तिथंच मांडवामागं एका डब्यावर बसलो आणि मला आप्पा आठवला. आप्पा माझा थोरला भाऊ, दौंडला असायचा. त्याच्या पायालाही असंच कळेनासं झालं होतं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिसवर तो संपला. पाय कापल्यावर मी त्याला भेटायला गेलो होतो, तेव्हा तो हसून म्हणाला होता, आता पंगतीला कसा बसू, मांडी घालायला दुसरा पाय लागतो की. मीही हसलो होतो. केडगावच्या त्या डब्यावर बसून मी माझी टाच परत परत दाबून बघितली. माझीही शुगर होती, माझाही देह आप्पासारखाच, किंबहुना त्याच्याहून मोठा होता.

चाखणारा माणूस

शिरूरच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि काट्यानं हात टेकले. रफीक म्हणाला, चला मार्केट यार्डात, कांद्याच्या काट्यावर बघू. डॉक्टर हसले नाहीत. गोळ्यांनी आता भागणार नाही, वजन उतरलं नाही तर भावाच्या वाटेनं जाल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

लोकांना वाटतं आचारी ढोसून खातो. खोटं आहे. कामाच्या दिवशी मी जेवायला कधी बसलोच नाही. मी फक्त चाखायचो. आमटीचा थेंब तळहातावर, भाताचं शीत, बुंदीची मूठ, मठ्ठ्याचा पेला, पाक तारेवर आला का ते बघून बोट तोंडात. पहाटेपासून पंगती उठेपर्यंत हेच चालायचं. आणि आमच्या धंद्यात पोट ही दुकानाची पाटी असते. मुलीचा बाप माझा घेर बघून खूश व्हायचा, म्हणायचा, आता जेवणाची काळजी मिटली.

पुण्याला ज्या सर्जन होत्या त्या बाई, त्यांना मी मॅडम म्हणायचो. त्यांनी कागदावर पेनानं दोन पोटं काढली. पहिल्यात पोटाचा बराचसा भाग कापून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. ते स्लीव्ह. दुसऱ्यात वर लिंबाएवढी पिशवी करायची आणि आतडं आणून तिला जोडायचं. तो बायपास. माझ्या घशातून दुर्बीण घालून त्यांनी आधीच बघितलं होतं. आम्ल वर येतंय आणि शुगर जुनी आहे, म्हणून बायपास करा, असं त्या सरळ म्हणाल्या. औषधाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील आणि गोड सोसणार नाही, हेही सांगितलं.

मी विचारलं, गोड म्हणजे किती गोड? पाकाचं बोट चालेल का? मॅडम म्हणाल्या की एखाद्या बोटाचं काही नाही, पण दिवसभर असं चाखत राहिलात तर घाम फुटेल, छाती धडधडेल, चक्कर येईल, तुम्हाला आडवं व्हावं लागेल.

माझ्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. मांडवात पाकाची कढई उकळतेय आणि आचारी बाजेवर आडवा. त्या क्षणी मला आप्पाचा पाय आठवला नाही, माझी जीभ आठवली. चव न घेणारा आचारी कोण बोलावणार? मी म्हटलं, मॅडम, स्लीव्ह करा.

त्यांनी परत समजावलं. आम्ल वाढू शकतं, मग दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. मी मान हलवत राहिलो. तेव्हा त्या माझ्या बायकोकडं वळल्या. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मंदा काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "तिला काय कळतंय त्यातलं."

मंदा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मॅडमनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग तारीख दिली.

हात हलवत आलेला पाहुणा

पहिलं ऑपरेशन बरं झालं. दुखलं, पण सोसण्यासारखं. दिवसभर घोट घोट पाणी, तेही औषधाच्या टोपणानं. वॉर्डात सगळ्यात वाईट काय असेल तर दुपार. खालच्या कँटीनमधून डाळीचा वास जिना चढून यायचा आणि मला पडल्या पडल्या कळायचं की मोहरी जाळलीय आणि हिंग टाकलेलाच नाही. मी मंदाला सांगायचो, जा, त्यांना सांगून ये. ती म्हणायची, गप पडा.

भेटायला येणारे डबे घेऊन यायचे. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही, मग त्याचं पोट कापलेलं असलं तरी. पायाचं सूप आलं, डिंकाचे लाडू आले. मंदा ते सगळं जिन्यात बसून दुसऱ्या पेशंटांच्या माणसांना वाटायची. एकटा रफीक हात हलवत आला. पलंगाशी बसला, माझे पाय मांडीवर घेतले आणि टाचेची जखम उजेडात नीट निरखून बघितली. जाताना पायावर चादर ओढली. त्या दवाखान्यातली माझ्या आठवणीत राहिलेली चांगली गोष्ट तेवढीच.

पहिलं वर्ष मी हवेत होतो. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, टाच भरून आली. मॅडमपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटायला लागलं. गिऱ्हाईकं मात्र बिचकली. आचारी आजारी आहे का, असं लोक रफीकला हळूच विचारायचे. मी त्यांच्यादेखत पाकाचं बोट चाटून दाखवायचो आणि ऐटीत बघायचो.

आंबट

मग ते सुरू झालं. आधी आडवं झाल्यावर घशाशी आंबट पाणी यायचं. मग बसल्यावरही यायला लागलं. उशा रचल्या, पलंगाखाली विटा लावल्या, शेवटी खुर्चीतच झोपायला लागलो. डोळा लागला की आंबट पाणी नाकात शिरायचं आणि मी गुदमरून उठायचो. आवाज घोगरा झाला, दात झिजले. छातीत कुणीतरी जळतं लाकूड धरून बसलंय असं वाटायचं.

फोडणीच्या वासानं उबळ यायची म्हणून मंदानं घरात फोडणी देणं बंद केलं. आचाऱ्याच्या घरात फोडणी नाही. ती स्वतः ओट्यापाशी उभी राहून भाकरीवर चटणी घेऊन खायची आणि माझ्याकडं पाठ करायची. मला राग यायचा तो तिच्यावर निघायचा. पाणी कोमट का नाही, दार का वाजलं, कुठल्याही गोष्टीवरून. एकदा मी ताट भिरकावलं. ते तिनं उचललं, फरशी पुसली आणि चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दिवाळीला माहेरी जायची तीही जाईना. गेले तर मागं हे खुर्चीतच मरून पडतील, असं तिनं रफीकला सांगितल्याचं मला नंतर कळलं.

दौंडच्या एका लग्नात मी आमटी चाखली, मला अळणी लागली. मीठ घातलं. परत चाखली, अळणीच. तोंडात सदा आंबट पाणी असलेल्या माणसाला मिठाचा काय पत्ता लागणार? पंगत बसली. पहिल्या घासाला लोक एकमेकांकडं बघायला लागले. नवरीच्या मामानं वाटी बाजूला सरकवली. रफीकनं घाईनं पाणी आणि उकडलेली डाळ घालून आमटी सावरायचा प्रयत्न केला. मी मांडवामागं जाऊन उभा राहिलो. ज्या जिभेसाठी एवढं केलं ती जीभच गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या काळात मी मॅडमकडं गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो? मेडिकलमधून ॲसिडिटीच्या बाटल्या आणायचो. गिळता येईल ते खायचो, आणि गिळता काय येतं तर आइस्क्रीम, खीर, बिस्किटं बुडवून चहा. वजन परत चढलं, शुगर परत आली. एक दिवस मोजा काढला तर करंगळी काळी पडलेली. ती कापली, शेजारचं बोटही कापावं लागलं. स्लीव्हऐवजी आधीच बायपास केला असता तर बोटं वाचली असती का, हे मी नंतर मॅडमना विचारलं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना माझी दया आली असावी.

मंदा बोलली

बोटं गेल्यावर मंदानंच मॅडमचा नंबर लावला. परत तीच खुर्ची, तेच टेबल. अन्ननळी आतून सोलवटल्यासारखी झाली होती. स्लीव्हचा बायपास करायचा, एवढाच मार्ग उरलाय, असं मॅडम म्हणाल्या. आत जुने टाके, चिकटलेलं सगळं, त्यामुळं धोका जास्त. त्यांनी काही लपवलं नाही.

आणि माझं नशीब बघा, मी परत तेच विचारलं. बायपास केल्यावर चाखायचं कसं? माझ्या धंद्याचं काय?

मॅडम काही बोलणार तेवढ्यात मंदा बोलली. माझ्याकडं बघून, अगदी हळू.

"देवीच्या भंडाऱ्याला कवा चाखलंय तुम्ही?"

मॅडमना कळलं नाही, म्हणून मंदानं त्यांना सांगितलं. यात्रेत भंडाऱ्याचा स्वयंपाक देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय उष्टा करायचा नसतो. थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. सगळा गाव जेवेल एवढी आमटी हे माणूस दरसाल शिजवतंय, मीठ मुठीनं घालतंय, उकळीकडं बघतंय आणि वास घेतंय. आजपर्यंत कधी कमी नाही, कधी जास्त नाही.

"न चाखता येतंय यास्नी," ती म्हणाली. "पहिल्यांदाबी येत हुतं. मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मी टेबलावरच्या काचेकडं बघत बसलो. सारा जन्म त्या चुलीजवळ काढला, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती असं थोडंच आहे? पण ती धंद्यातली कला आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. ते देवीचं असतं, देवी सांभाळते, असं आम्ही मानतो. दवाखान्यात बसून देवीच्या आमटीचा हिशेब कोण करतं? मंदानं केला होता, पहिल्याच दिवशी, पिशवीचा बंद गुंडाळत.

नळ्या

दुसऱ्या ऑपरेशनाबद्दल फार लिहवत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताप चढला, श्वास लागला. आतला जोड गळत होता. परत उघडलं, परत शिवलं. पोटाला नळ्या, नाकात नळी, मानेत सुई. आयसीयूत दिवस कळत नाही. पलीकडच्या पलंगावरचा माणूस सकाळी होता, मग नव्हता, मग तिथं दुसराच होता. मला वाटायचं, आप्पा पायाशी बसलाय आणि सरकून जागा करतोय.

मी मॅडमना हात जोडले होते, म्हणालो होतो, सोडा मला. त्यांनी फक्त हात धरला. मंदाला रोज थोडा वेळ आत सोडायचे. ती यायची, ओल्या कापसानं माझे ओठ पुसायची आणि घरच्यासारखं बोलायची. रफीकनं शिरूरच्या कामाला पोरं लावलीत, गाय व्यायलीय, शेजारच्या म्हातारीनं विचारलंय. माझ्यासमोर रडली नाही. बाहेर पॅसेजमध्ये सतरंजीवर ती काय करायची ते मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

वाचलो. का वाचलो ते कळत नाही. वॉर्डात आणल्यावर पहिला पाण्याचा घोट घेतला आणि तो खाली गेला, वर आला नाही. किती दिवसांनी तोंडात आंबट नव्हतं. तेव्हा मात्र मी रडलो. मंदा म्हणाली, रडू नका, टाके ताणतील.

भंडारा

आता बायपासला बरेच दिवस झाले. वजन उतरलंय, शुगर आवाक्यात आहे, झोप आडवी लागते. जन्मभराच्या गोळ्या आहेत, मधूनमधून इंजेक्शन आहे. त्या चुकवल्या की हातपाय गळतात आणि केस मुठीनं येतात. एकदा पुतण्याच्या साखरपुड्याला अर्धा पेढा खाल्ला आणि घामानं भिजून मांडवात पडून राहिलो, तेव्हा मॅडम काय म्हणाल्या होत्या ते कळलं. गेलेली बोटं गेली. पायाची संवेदना गेली ती परत येत नाही, आणि मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे. यापुढं एक पाऊलसुद्धा अनवाणी टाकायचं नाही, घरातही नाही. एक खडा रुतला तरी उरलेला पाय जाईल.

यंदा कवठ्याच्या यात्रेला गेलो. दरसालसारखी रफीकनं लाकडं आणून टाकली होती. चर पेटला होता, त्याभोवती राखेची रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत चप्पल चालत नाही. मला आत येता येणार नाही हे धरून मंदानं पदर खोचला होता आणि ती आत अनवाणी उभी होती, भावकीतल्या दोन बायका हाताखाली. मी रेघेबाहेर खुर्चीवर, पायात मॅडमनी सांगितलेल्या जाड, बुटासारख्या चपला.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. या चुलीला माझी जीभ कधीच नको होती. तिला पाय हवे होते. जे लागत नव्हतं ते राखायला गेलो आणि जे लागत होतं ते घालवून बसलो.

गुरवानं मला बघितलं. वडिलांच्या वेळचा माणूस. जवळ येऊन म्हणाला, "आण्णा, मीठ तुमच्या हातचं पडू द्या. दोन मिनिटं चप्पल काढा आन् या आत. देवीच्या दारात काय हुतंय?"

जावंसं फार वाटलं. माझा हात चपलेच्या पट्ट्यावर गेलासुद्धा होता. मग मी थांबलो आणि धुरातून मंदाकडं बघितलं.

"काय करू?" मी विचारलं.

तिनं आमटीतला डाव तसाच धरला. माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं.

"चप्पल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तिथनंच वास घ्या आन् सांगा."

रफीकनं माझी खुर्ची उचलून रेघेला टेकेल एवढी पुढं नेली. वारा माझ्या बाजूला होता. आमटी उकळत होती, मी डोळे मिटून वास घेतला.

"एक मूठ," मी म्हटलं. "आन् वर चिमूटभर."

मंदानं मीठ घातलं आणि कुणीही न चाखता नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं.